कौरीचा ओंडका आणि करवतीचे गणित : माताकोहेचे संग्रहालय समजून घेताना

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, ऑकलंडहून गाडीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर, काइपारा या विस्तीर्ण खाडीच्या एका फाट्याशी माताकोहे नावाचे लहानसे गाव आहे. गावाची वस्ती जेमतेम काहीशे, आजूबाजूला दुभत्या गाईंची कुरणे, थोडे पुढे गेले की रताळ्यांची शेते, आणि रस्त्याच्या कडेला एक संग्रहालय. हे कौरी संग्रहालय १९६२ साली गावकऱ्यांनी उभे केले. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८६२ मध्ये, ‘आल्बर्टलँडर’ म्हणून ओळखले जाणारे इंग्लंडमधील वसाहतवाले या खाडीच्या काठावर उतरले होते. त्यांच्या घराघरांत पडून असलेली अवजारे, फर्निचर, छायाचित्रे आणि राळेचे खडे गोळा करून हा संग्रह सुरू झाला आणि नंतरच्या दशकांत दालनामागून दालन जोडले जात आजच्या आकाराला आला. ऑकलंडमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे उत्तरेकडील जंगले पाहायला निघाली की बारा क्रमांकाच्या महामार्गाने जाताना हे गाव वाटेतच लागते, आणि बहुतेकांचा बेत तासाभराच्या थांब्याचा असतो.

तासाभरात डोळे दिपतात, पण समजत फारसे नाही. साडेबावीस मीटर लांबीची अखंड कौरीची फळी, भिंतीवर रंगवलेली महावृक्षांच्या व्यासांची वर्तुळे, वाफेवर चालणाऱ्या आरागिरणीची पूर्ण आकाराची मांडणी हे सगळे एकामागून एक पाहताना ‘केवढे मोठे!’ एवढीच प्रतिक्रिया उरते. वास्तविक या दालनांना एक सलग तर्क आहे. कौरीचे झाड इतके मोठे होते की ते तोडणे, हलवणे आणि चिरणे या तिन्ही कामांत नेहमीची अवजारे तोकडी पडली. प्रत्येक यंत्र हे त्या आकाराने उभ्या केलेल्या एखाद्या अडचणीचे उत्तर होते. आणि प्रत्येक उत्तराने गिरणीला लागणाऱ्या ओंडक्यांची संख्या वाढवली. हा तर्क हाती धरला तर संग्रहालय पाहायला अर्धा दिवसही कमी पडतो.

झाड असे का होते

कौरी हा शंकुधारी वृक्ष असून त्याचे शास्त्रीय नाव ‘आगाथिस ऑस्ट्रेलिस’ असे आहे. आपल्याकडे बागांमध्ये ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून लावले जाणारे अरोकेरिया हे याच कुळातले. कौरी नैसर्गिकरीत्या फक्त न्यूझीलंडच्या उत्तर भागातील उबदार पट्ट्यात वाढतो, सहाशे वर्षे सहज जगतो आणि काही झाडे हजार वर्षे ओलांडतात. वायपोआच्या जंगलात आज उभा असलेला ‘ताने माहुता’ हा सर्वांत मोठा जिवंत कौरी ५० मीटरहून उंच असून त्याच्या खोडाचा घेर सुमारे १४ मीटर आहे. जवळच्याच ‘ते मातुआ न्गाहेरे’ या वृक्षाची उंची कमी, पण घेर १६ मीटरहून अधिक. तरीही भिंतीवरची वर्तुळे पाहिली की लक्षात येते की हे दोघे सर्वांत मोठे कधीच नव्हते. तुतामोए डोंगरावरच्या ‘कैरारू’ नावाच्या कौरीचा घेर २०.१ मीटर भरल्याची नोंद आहे, म्हणजे व्यास ६.४ मीटर किंवा एकवीस फूट; आणि पहिल्या फांदीपर्यंतचे खोड सुमारे तीस मीटर सरळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो वणव्यात जळाला.

लाकूडवाल्यांना मात्र केवळ आकाराचे आकर्षण नव्हते. कौरी वाढत असताना आपल्या खालच्या फांद्या बुंध्यापाशी स्वच्छ सांध्यातून आपोआप गाळतो आणि त्या जागेवर नवे लाकूड चढत जाते. फांदी जेथून फुटते तेथे लाकडात गाठ असते, आणि गाठ म्हणजे फळीतला कच्चा दुवा. तिथे रंधा अडकतो आणि ताण आला की फळी तिथेच मोडते. फांद्या लवकर झडल्यामुळे मोठ्या कौरीच्या खोडात बाहेरच्या बाजूस मीटर-दीड मीटर जाडीचे लाकूड जवळजवळ बिनगाठीचे असते. खोड वर जाताना फारसे निमुळते होत नाही, त्यामुळे ओंडक्याच्या दोन्ही टोकांच्या जाडीत फरक कमी, आणि चिरताना वाया जाणारे लाकूडही कमी. जगातल्या कोणत्याही गिरणीवाल्याने मागावे असे हे खोड होते.

पहिले गिऱ्हाईक आरमार होते. लहान, सडपातळ कौरी जहाजांच्या डोलकाठ्यांना उत्तम, म्हणून १८२० साली ब्रिटिश नौदलाची जहाजे त्यासाठी मुद्दाम इकडे आली. त्यांपैकी एकाचे नाव ‘कोरोमंडल’, आपल्या पूर्व किनाऱ्यावरून ठेवलेले. ते ज्या द्वीपकल्पावर लाकूड घ्यायला थांबले त्याला आजही कोरोमंडल असेच म्हणतात. डोलकाठीला झाड अखंडच लागते, त्यामुळे चिरण्याचा प्रश्नच नव्हता. तो पुढे ऑकलंड आणि सिडनी, मेलबर्न ही शहरे लाकडी घरांसाठी फळ्या मागू लागली तेव्हा आला.

पाडणे आणि हलवणे

झाड पाडण्याचे तंत्र थोडक्यात असे. ज्या दिशेला झाड पडावे त्या बाजूने कुऱ्हाडीने खोल खाच घ्यायची, विरुद्ध बाजूने दोघांनी ओढायची लांब करवत चालवायची आणि करवत रुतू नये म्हणून तिच्यामागे पाचरी ठोकत जायचे. खाच आणि करवतीची चीर यांच्यामध्ये राहणारी लाकडाची अरुंद पट्टी बिजागरीचे काम करते आणि झाड ठरलेल्या दिशेला झुकते. संग्रहालयात मांडलेल्या या करवतींची लांबी पाहून त्या कोणा जत्रेतल्या नमुन्यासाठी केल्या असाव्यात असे वाटते, पण दोन मीटर व्यासाच्या खोडातून करवत मागेपुढे सरकायची तर ती त्याहून बरीच लांब असावीच लागते.

पाडल्यानंतर खरी अडचण सुरू होते. दोन मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर लांबीच्या ओंडक्याचे आकारमान १५ घनमीटरहून अधिक भरते आणि ओले लाकूड धरले तर वजन दहा टनांच्या घरात जाते. हे डोंगरउतारावर, चिखलात, रस्ता नसलेल्या ठिकाणी. काचेमागे ठेवलेला लाकडी-लोखंडी ‘टिंबर जॅक’ येथे जरा थांबून पाहावा. दात्यांची सरळ पट्टी, तिला गुंतलेली लहान दंतचक्रे आणि बाजूला हातदांडा, एवढीच त्याची रचना. हाताने फिरवलेल्या अनेक फेऱ्यांचे रूपांतर पट्टीच्या इंचभर सरकण्यात होते आणि त्या प्रमाणात जोर वाढतो, त्यामुळे दोन-तीन माणसे असे जॅक लावून दहा टनांचा ओंडका हळूहळू ढकलत, लोटत उताराशी आणत. तेथून पुढे बैलांचे लांबलचक तांडे, लाकडी रूळ, आणि पुढच्या काळात जंगलातली छोटी आगगाडी.

जिथे बैलही पोचत नसत तिथे पाणी कामाला लावले गेले. कौरीचा ओंडका तरंगतो, म्हणून ओढ्यावर कौरीच्याच लाकडाचे उंच बंधारे बांधत, त्यांच्या पुढच्या-मागच्या पात्रात ओंडके साठवून ठेवत आणि पाणी पुरेसे भरले की बंधाऱ्याची झडप एकदम सोडत. हजारो टन पाणी आणि शेकडो ओंडके एकत्र खाली येत. काम जलद होई, पण ओंडके दगडांवर आपटून फुटत, ओढ्याचे काठ आणि तळ खरवडून निघत, आणि बरेच लाकूड गिरणीपर्यंत पोचतच नसे. या बंधाऱ्यांची छायाचित्रे आणि प्रतिकृती प्रेक्षकांना फार आवडतात, आणि अभियांत्रिकी म्हणून त्या कौतुकास पात्र आहेतच. नासाडीचा हिशेब मात्र सहसा त्यांच्याशेजारी लिहिलेला नसतो.

खड्ड्यातली करवत

यंत्रे येण्यापूर्वी फळ्या माणसेच चिरत. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवायचा, एक आराकश वर उभा, दुसरा खड्ड्यात, आणि मध्ये उभी करवत. आपल्याकडचे आराकश खड्डा न खणता ओंडका घोडीवर तिरका चढवून हेच काम करीत. खड्ड्यातल्या करवतीचे दाते खालच्या दिशेला वळलेले असतात, म्हणजे ती खाली येतानाच कापते. खालचा माणूस जोर लावतो आणि अंगावर भुसा झेलतो. वरचा माणूस करवत उचलतो आणि आखलेल्या रेषेवर ठेवतो. रेषा चुकली तर फळी एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ, म्हणून वरच्या माणसाचा मान अधिक. होकिआंगा खाडीच्या परिसरात हे काम करणाऱ्यांमध्ये माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, हेही होते.

येथे दात्यांविषयी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी यंत्रे तिच्यावरच उभी आहेत. झाड आडवे कापायचे तेव्हा लाकडाचे तंतू छेदायचे असतात, म्हणून त्या करवतीचे दाते सुरीच्या टोकासारखे, दोन्ही कडांना धार दिलेले असतात. फळी चिरायची तेव्हा करवत तंतूंच्या दिशेनेच जाते. तेथे तंतू छेदण्यापेक्षा पुढचे लाकूड उचकटून काढायचे असते, म्हणून दाते पटाशीच्या टोकाचे, सरळ धारेचे असतात. दोन्ही प्रकारांत दाते आलटून पालटून किंचित डावीकडे आणि उजवीकडे वाकवलेले असतात. त्यामुळे पडणारी चीर पात्यापेक्षा रुंद होते आणि पाते लाकडात चिमटले जात नाही. या रुंद चिरेत जेवढे लाकूड जाते तेवढा भुसा.

वाफेची आरागिरणी

संग्रहालयाचा सर्वांत मोठा आणि माझ्या मते सर्वांत शिकवणारा भाग म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातली वाफेची आरागिरणी. आत माणसांच्या आकाराचे पुतळे कामाला लावलेले आहेत. त्यांच्याकडे पाहण्याआधी शक्ती कुठून कुठे जाते याचा माग काढावा. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफेच्या दाबाने इंजिनातला दट्ट्या पुढेमागे सरकतो, भुजेमुळे त्याचे चक्राकार फिरण्यात रूपांतर होते आणि ते फिरणे एका लांब दांड्याला दिले जाते. त्या दांड्यावर ठिकठिकाणी लहान-मोठ्या पुल्या असतात आणि प्रत्येक पुलीवरून एकेक सपाट पट्टा वेगवेगळ्या यंत्राकडे जातो. गावातल्या पिठाच्या गिरणीत पट्ट्यावर फिरणारे जाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही मांडणी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मोठ्या पुलीवरून लहान पुलीवर पट्टा आला की वेग वाढतो. म्हणून एकच इंजिन संथ चालणारी ओंडका-गाडी आणि भन्नाट फिरणारी गोल करवत दोन्ही चालवू शकते.

आता प्रश्न असा की गोल करवत हाताशी असताना गिरणीत उभी करवत का ठेवलेली आहे? त्याचे उत्तर भूमितीत आहे. गोल करवतीच्या मध्यभागी आस आणि तिला घट्ट धरणाऱ्या चकत्या असतात, त्यामुळे तिच्या व्यासाचा जेमतेम चाळीस टक्के भागच कापण्याच्या कामी येतो. दीड मीटर व्यासाची करवत साधारण साठ सेंटीमीटर खोल कापू शकेल. दोन मीटर जाडीचा कौरी एका दमात कापायचा तर पाच मीटर व्यासाची करवत लागेल, आणि तशी करवत करता आली तरी चालवता येणार नाही. म्हणून पहिली फाडणी चौकटीत ताणून बसवलेल्या उभ्या करवतीने होई. भुजेमुळे चौकट वर-खाली होते, आणि तिच्या प्रत्येक हेलकाव्यागणिक ओंडक्याची गाडी थोडी थोडी पुढे सरकते. या पद्धतीने कितीही जाड ओंडका चिरता येतो; पण वर जाताना करवत रिकामीच जाते, आणि एवढी जड चौकट दर वेळी थांबवून उलट दिशेला वळवावी लागत असल्याने वेगाला मर्यादा पडते. काही गिरण्यांनी वेगळा उपाय काढला: एकाच सरळ रेषेत वर एक आणि खाली एक अशा दोन गोल करवती बसवल्या, म्हणजे दोघींच्या चिरा मध्ये येऊन मिळतात.

एकदा ओंडक्याचे जाड तुकडे झाले की ते गोल करवतीच्या बाकाकडे जात आणि तिथे त्यांच्या फळ्या, वासे, पट्ट्या होत. या करवतीचा वेग आकड्यांत पाहावा. १.२ मीटर व्यासाची करवत मिनिटाला सातशे फेऱ्या करीत असेल, तर तिच्या कडेवरचा दाता सेकंदाला सुमारे ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १६० किलोमीटर वेगाने लाकडावर आदळतो. त्या काळी तिच्यावर ना आवरण होते, ना पट्ट्यांभोवती कठडे. पुतळ्यांच्या हातांचे करवतीपासूनचे अंतर मोजत गेले तर दुखापतींच्या कथा वेगळ्या लागत नाहीत.

एवढ्या वेगाने फिरणारे पातळ पोलादी पाते सरळ कसे राहते, हे या गिरणीतले सर्वांत सूक्ष्म कोडे आहे. करवत चालू लागली की तिची कड घर्षणाने तापते आणि प्रसरण पावते, मध्यभाग त्या मानाने थंड राहतो. कडेला पसरायला जागा न मिळाल्याने ती लाटेसारखी वेडीवाकडी होते आणि फळीवर नागमोडी चीर पडते. यावरचा उपाय असा की करवत थंड असतानाच तिचा मधला पट्टा हातोड्याने ठोकून किंचित ताणून ठेवायचा. अशी ठोकलेली करवत थांबलेली असताना हाताने हलवली तर सैल वाटते. पण पूर्ण वेगात आल्यावर कड पसरते, मधला सैलपणा तिला सामावून घेतो आणि पाते ताठ उभे राहते. किती ठोकायचे हे करवतीच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे एका गिरणीची करवत दुसऱ्या गिरणीत नेऊन बसवली तर ती नीट चालेलच असे नाही. हे काम करणाऱ्या कारागिराला ‘सॉ डॉक्टर’ म्हणत. सरळ पट्टी करवतीवर टेकवून तिच्याखालून येणारा उजेड पाहून तो कुठे ठोकायचे ते ठरवी. ऐरणीशेजारी ठेवलेले त्याचे हातोडे बहुतेक पाहुणे न पाहताच पुढे जातात. गिरणीतले सर्वांत अवघड ज्ञान मात्र तिथेच होते.

भुशाचा हिशेब

गोल करवत जाड असते, कारण पातळ केली तर ती वेगात डगमगते. तिची चीर सहा मिलिमीटर धरली आणि पंचवीस मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढायच्या ठरवल्या, तर दर ३१ मिलिमीटरमागे ६ मिलिमीटर लाकूड भुसा होते, म्हणजे सुमारे एकोणीस टक्के. दोन चाकांवरून अखंड फिरणाऱ्या पट्टाकरवतीची चीर तीन मिलिमीटरच्या आसपास असते. तिथे हेच प्रमाण अकरा टक्क्यांवर येते. पट्टाकरवतीची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच इंग्लंडमध्ये मांडली गेली होती, पण पट्ट्याची दोन टोके न तुटता जोडण्याइतके चांगले पोलाद आणि कसब यायला पुढची कित्येक दशके गेली. भुशाखेरीज गोल ओंडक्याला चौकोनी करताना निघणाऱ्या सालीच्या फळ्या वेगळ्याच. ढोबळमानाने, गिरणीत आलेल्या लाकडापैकी निम्मे ते साठ टक्केच विकाऊ माल म्हणून बाहेर पडे.

मग गिरणीवाल्यांनी ही गळती थांबवण्याची घाई का केली नाही? कारण बॉयलर भुशावर आणि सालीच्या तुकड्यांवरच चालत होता. वाया गेलेले लाकूड हेच इंधन असेल तर ते वाचवण्याची निकड वाटत नाही, आणि इंधनाला पुरून उरलेल्या भुशाचे ढीग खाडीकाठी साचत राहतात. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. खड्ड्यावर काम करणाऱ्या दोन आराकशांनी एखादा दिवस सुट्टी घेतली तर नुकसान त्यांच्या मजुरीपुरते असे. वाफेच्या गिरणीत बॉयलर, इंजिन, इमारत, धक्का आणि कामगारांची वसाहत यांत भांडवल गुंतलेले असते आणि गिरणी बंद असली तरी त्यावरचे व्याज थांबत नाही. त्यामुळे ओंडके सतत येत राहणे ही गिरणीची गरज होऊन बसते. ओंडके कमी पडले की जंगलात अधिक टोळ्या पाठवाव्या लागतात, अधिक बंधारे बांधावे लागतात. १८८८ साली मेलबर्नच्या भांडवलदारांनी ‘कौरी टिंबर कंपनी’ स्थापन करून बहुसंख्य गिरण्या एका छत्राखाली आणल्या, आणि थोड्याच वर्षांत मेलबर्नमधल्या जमिनींच्या तेजीचा फुगा फुटून घरबांधणी थंडावली, तेव्हा ही गरज किती जड आहे ते कंपनीला कळले. पुढे मागणी पुन्हा वाढली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कौरीचे उत्पादन शिखरावर पोचले. वायरोआ नदीकाठची ‘आरातापू’ आणि ‘ते कोपुरू’ ही आज शांत असलेली गावे त्या काळी मोठ्या गिरण्यांची ठिकाणे होती, आणि काइपाराच्या मुखावरचा वाळूचा बांध ओलांडताना लाकूड नेणारी कित्येक जहाजे बुडाली.

तरीही सगळा दोष करवतीच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. मूळ कौरी जंगलाचा पसारा सुमारे बारा लाख हेक्टर असावा असे मानले जाते. त्यातले जुने, पूर्ण वाढलेले जंगल आता साडेसात हजार हेक्टरांच्या आसपास उरले आहे. या नाशात गिरण्यांइतकाच, कदाचित त्याहून मोठा, वाटा आगीचा होता. शेतीसाठी आणि कुरणांसाठी मुद्दाम लावलेली आग, तोडणीनंतर पडून राहिलेल्या वाळक्या फांद्यांनी पेटलेले वणवे, राळ शोधणाऱ्यांच्या हातून भडकलेल्या आगी यांत उभी जंगले गेली. फळी निदान एखाद्या घराच्या भिंतीत राहिली.

फळी वाळवायची कशी

चिरलेली फळी लगेच वापरता येत नाही. ओले लाकूड वाळताना आकसते, आणि सर्व दिशांना सारखे आकसत नाही: वार्षिक वलयांच्या कडेकडेने होणारे आकुंचन हे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. ओंडका सरळ एका बाजूने चिरत गेले तर बहुतेक फळ्यांमध्ये वलये आडवी येतात आणि अशा फळ्या वाळताना पन्हळीसारख्या वाकतात. ओंडक्याचे आधी चार भाग करून, वलये फळीच्या रुंद पृष्ठाला काटकोनात येतील असे चिरले तर फळी सरळ राहते, पण लाकूड आणि श्रम दोन्ही अधिक लागतात. दर इंच जाडीमागे साधारण वर्षभर हवेवर वाळवावे, हा सुतारांचा जुना आडाखा. कौरी मुळातच फारसा न वाकणारा असल्याने त्याला नावेच्या फळ्यांपासून ऑकलंडच्या जुन्या घरांच्या बाह्य भिंतींपर्यंत सगळीकडे मागणी होती. दालनातल्या कपाटांच्या आणि टेबलांच्या कडा पाहाव्यात. वलयांच्या रेषा उभ्या आहेत की आडव्या यावरून ती फळी कोणत्या पद्धतीने चिरली होती ते आपले आपल्याला ओळखता येते.

राळेच्या दालनाविषयी थोडक्यातच सांगतो. कौरीच्या खोडातून झरणारी राळ जमिनीत गाडली जाऊन घट्ट होते. ती वार्निश आणि लिनोलियम या जमिनीवर अंथरायच्या आच्छादनासाठी परदेशी जाई आणि १८९९ साली तिची निर्यात अकरा हजार टनांवर गेली होती. खणणाऱ्यांमध्ये माओरी, ब्रिटिश आणि आजच्या क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्यावरून आलेले मजूर होते. मधाच्या रंगाचे ते खडे देखणे आहेत आणि बहुतेकांचा सर्वाधिक वेळ तिथेच जातो.

संग्रहालयाची एक मर्यादाही लक्षात ठेवून आत शिरावे. ते वसाहतवाल्यांच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांसाठी उभारले आहे, त्यामुळे जंगल तोडणाऱ्यांचे कष्ट तेथे जितके तपशिलात दिसतात तितके जंगल मुळात ज्यांचे होते त्यांचे म्हणणे दिसत नाही. माओरी परंपरेत ताने हा आकाशपिता रांगी आणि भूमाता पापा यांना एकमेकांपासून दूर सारून जगात उजेड आणणारा वनदेव आहे, आणि ताने माहुता हे त्या वृक्षाचे नाव त्याचेच. वायपोआ परिसरातील ते रोरोआ या माओरी समूहाच्या जमिनींवरच्या दाव्यांची सुनावणी होऊन वाइतांगी न्यायाधिकरणाने १९९२ मध्ये आपला अहवाल दिला. ही बाजू वाचून गेल्यास गिरणीचे दालन अधिक स्पष्ट दिसते.

आजचा कौरी

संग्रहालय पाहून झाल्यावर त्याच रस्त्याने उत्तरेला, डार्गाव्हिलमार्गे, वायपोआला जावे. दीड-दोन तास लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथेही तोडणी सुरू झाली होती. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने तिच्याविरुद्ध लोकमत उभे राहिले आणि १९५२ साली सुमारे नऊ हजार हेक्टर जंगल अभयारण्य म्हणून राखले गेले. आता धोका करवतीचा नाही. मातीतून पसरणारा ‘फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा’ हा सूक्ष्मजीव कौरीची मुळे कुजवतो, पाणी वर चढू देत नाही, आणि तो बुटांना चिकटलेल्या चिखलातून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून पायवाटेच्या तोंडाशी बूट घासून, जंतुनाशकात बुडवूनच आत सोडतात आणि मुळांवर पाय पडू नये म्हणून लाकडी पुलांवरून चालावे लागते. ऑकलंडजवळच्या वाइताकेरे डोंगरांतल्या बऱ्याच पायवाटा याच कारणाने २०१८ मध्ये बंद करण्यात आल्या.

कौरीचे लाकूड मात्र अजूनही चिरले जाते, आणि त्याचे दोन स्रोत आहेत. पहिला स्रोत म्हणजे दलदलीत हजारो वर्षे गाडले गेलेले ओंडके. तिथे हवा पोचत नसल्याने ते कुजलेले नाहीत. न्गाफा येथे २०१९ मध्ये वीजप्रकल्पाच्या खोदकामात सापडलेला असा एक ओंडका सुमारे ४२,००० वर्षांपूर्वीचा निघाला आणि त्याच्या वलयांवरून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्या काळात कसे क्षीण झाले होते याचा अभ्यास करता आला. हे लाकूड कच्च्या स्वरूपात निर्यात करण्यास बंदी आहे. ओंडक्यावर वरवरचे नक्षीकाम करून त्याला ‘तयार वस्तू’ म्हणून परदेशी पाठवण्याची पळवाट काहींनी काढली होती. ती न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंद केली. दुसरा स्रोत जुन्या घरांचा. पाडलेल्या किंवा दुरुस्त होणाऱ्या घरांतले वासे आणि फळ्या पुन्हा चिरून त्यांचे फर्निचर केले जाते. असे लाकूड शंभर वर्षे वाळलेले असल्याने आता आकसत नाही आणि वाकत नाही, पण त्यात खिळे राहिलेले असतात, आणि पूर्ण वेगातल्या करवतीचे दाते मोडायला एकच खिळा पुरतो. त्यामुळे जुने कौरी लाकूड घेणारा सुतार आधी प्रत्येक फळीवरून धातुशोधक फिरवतो, खिळे उपटतो, आणि मगच ती करवतीला लावतो.